पान मुळाला ‘पुरे’ म्हणतं तेव्हा

सोयाबीनला पहिली फुलं दिसू लागली की वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही वावरात जा आणि एक झाड खुरप्याने मातीसकट खणून काढा. उपटू नका, उपटलं तर जे पाहायचं तेच मातीत तुटून राहतं. मुळं बादलीतल्या पाण्यात हलक्या हाताने खळबळली की सोटमुळाच्या वरच्या भागाला चिकटलेल्या गाठी दिसू लागतात. काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही त्याहून मोठ्या. त्यातली एक नखाने फोडा. आत लालसर गुलाबी रंग दिसला तर ती गाठ कामावर आहे. हिरवट किंवा करडी निघाली तर तिचं काम संपलंय, किंवा कधी सुरूच झालं नव्हतं.

तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या हिमोग्लोबिनच्याच कुळातलं हे प्रथिन. गाठीच्या आत ब्रॅडीरायझोबियम नावाचे जिवाणू हवेतला नत्र पकडून त्याचा अमोनिया करत असतात. त्यांच्या यंत्रणेला मोकळा ऑक्सिजन अजिबात सोसत नाही, पण श्वसनासाठी तर तो हवाच. म्हणून झाड ऑक्सिजन या लाल प्रथिनात धरून ठेवतं आणि मोजूनमापून आत सोडतं. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम चोळा, असं अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठापासून रिसोड तालुक्यातल्या करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रापर्यंत सगळे सांगतात, ते या गाठींसाठीच.

पण यापुढचा एक प्रश्न मला जास्त ओढून नेतो. मातीत जिवाणू अगणित आहेत, मूळ रोज वाढतंय, मग गाठी एका मर्यादेत का थांबतात? मूळभर गाठीच गाठी का होत नाहीत?

गाठ फुकट नसते, हे त्याचं अर्धं उत्तर. नत्राचा एक रेणू फोडायला एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, निदान १६ रेणू खर्च होतात. ती ऊर्जा पानांनी बनवलेल्या साखरेतून येते. गाठी बेसुमार झाल्या तर झाड त्यांनाच पोसत बसेल आणि शेंगा भरायला काही उरणार नाही. तेव्हा थांबायला हवं हे खरं. पण थांबायचं ठरवतं कोण, आणि निरोप जातो कुठून कुठे?

१९८५ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे पीटर ग्रेसहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रॅग’ या सोयाबीन वाणाच्या बियांवर रसायनाची प्रक्रिया करून काही बिघडलेली झाडं मिळवली. ही झाडं थांबतच नसत. साध्या झाडापेक्षा कित्येक पट गाठी धरत, जमिनीत भरपूर नत्र असला तरीही धरत. पुढच्याच वर्षी त्यांनी केलेला प्रयोग मला आजही विलक्षण वाटतो. त्यांनी कलमं बांधली. बिघडलेल्या झाडाचा शेंडा साध्या झाडाच्या मुळावर चढवला आणि साध्या झाडाचा शेंडा बिघडलेल्या मुळावर. पहिल्या कलमाला गाठींचा पूर आला. दुसऱ्याला नेहमीएवढ्याच गाठी आल्या. याचा अर्थ, गाठी धरतात मुळावर, पण किती धरायच्या ते ठरतं वर, पानांत. जमिनीखालच्या व्यवहाराचा निर्णय उन्हात डोलणारं पान घेतं!

तो निर्णय घेणारं जनुक २००३ साली सापडलं. त्याचं नाव एनएआरके. बिघडलेल्या झाडांपैकी एकात त्या जनुकाचं एकच अक्षर बदललेलं निघालं आणि तेवढ्याने प्रथिन अर्धवट तुटत होतं. सोयाबीनच्या आराखड्यात सुमारे १०० कोटी अक्षरं आहेत. त्यातलं एक चुकलं आणि झाडाला ‘पुरे’ म्हणता येईना.

पुढच्या वर्षांत या निरोपाचा मार्ग एकेका टप्प्याने उलगडला. जिवाणू मुळात शिरले की मूळ बारा-तेरा अमिनो आम्लांचा एक चिमुकला तुकडा बनवतं. सोयाबीनमध्ये त्याला आरआयसी म्हणतात. तो पाण्याच्या नळ्यांतून पानात चढतो. तिथे एनएआरके त्याला ओळखतं. एरवी पान मुळाकडे एमआयआर२१११ नावाचा सूक्ष्म आरएनए पाठवत असतं. एनएआरके जागं झालं की तो कमी होतो. हा आरएनए मुळातल्या टीएमएल नावाच्या प्रथिनाला दाबून ठेवतो. आणि टीएमएल नव्या गाठींना अडवतं. (टीएमएल म्हणजे ‘टू मच लव्ह’: ते बिघडलं की मूळ जिवाणूंवर अतोनात प्रेम करतं, म्हणून संशोधकांनी हे नाव ठेवलं.) पानातून मुळाकडे जाणारा हा निरोप आधी लोटस या शेंगावर्गीय रोपात २०१८ साली कळला, नंतर सोयाबीनमध्येही दिसला.

आता हे बाण क्रमाने वाचून बघा. आरआयसी एनएआरकेला जागं करतं. एनएआरके एमआयआर२१११ला कमी करतं. तो टीएमएलला दाबतो. टीएमएल गाठींना दाबतं. म्हणजे आरआयसी वाढलं तर गाठी वाढतील की घटतील? दाबणाऱ्याला दाबणारा कमी झाला, तेव्हा दाबणारा मोकळा सुटला, तेव्हा गाठी घटल्या. उत्तर येतं, पण बोट ठेवून वाचावं लागतं. अवघे पाच बिंदू आणि चार बाण असताना आपली ही गत होते.

सोयाबीनचा जनुकीय आराखडा जानेवारी २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. त्यात ४६,४३० जनुकं मोजली होती. कोणती दोन जनुकं एकमेकांशी बोलत असतील हे तपासायचं म्हटलं तर १०७ कोटी ७८ लाखांहून जास्त जोड्या होतात. भरीला आणखी एक गुंता आहे. सोयाबीनच्या पूर्वजांत अख्खा आराखडा दोनदा दुप्पट झाला, सुमारे ५.९ कोटी आणि १.३ कोटी वर्षांपूर्वी. त्यामुळे जवळजवळ पाऊण जनुकांच्या एकाहून जास्त प्रती आहेत. एक प्रत बंद पाडावी तर तिची बहीण काम चालवते. सोयाबीनच्या ओळींमध्ये आपण तुरीचं तास घेतो, त्या तुरीचं ऐकाल तर तीही मागे नाही. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटच्या पुढाकाराने २०११ साली तुरीच्या ‘आशा’ वाणाचा आराखडा प्रसिद्ध झाला, त्यात ४८,६८० जनुकं निघाली.

माणसाच्या बोटाच्या आवाक्याबाहेरचं हे काम करणारी सॉफ्टवेअर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तयार झाली. त्यातलं सगळ्यात लाडकं सायटोस्केप. २००२ साली अमेरिकेतल्या सिएटलच्या इन्स्टिट्यूट फॉर सिस्टिम्स बायॉलॉजीच्या पुढाकाराने ते जगापुढे आलं. तुम्ही त्याला एक साधी यादी द्यायची: कोण, कोणाला, काय करतं. ते पडद्यावर जाळं काढून देतं. प्रत्येक रेष ही ताणलेली स्प्रिंग आहे आणि प्रत्येक बिंदू दुसऱ्याला दूर ढकलतो, असं ते क्षणभर मानतं, आणि हे सगळं हलून हलून शांत होईपर्यंत गणित करत राहतं. ज्यांचं आपसात सख्य जास्त ते बिंदू आपोआप एकत्र जमतात. कोणीही त्यांना ‘तुम्ही एका कामाचे’ असं सांगितलेलं नसतं. पहिल्यांदा पाहताना डोळे विस्फारतात: एकीकडे नत्र पकडणारी टोळी, दुसरीकडे रोगाशी लढणारी, मध्ये दोन्हीकडे पाय ठेवून उभे असलेले दोन-चार बिंदू.

हजारो बिंदू घातले की मात्र चित्राचा नुसता गुंतवळा होतो. असं चित्र छापून ‘पाहा केवढं गुंतागुंतीचं’ म्हणणारे शोधनिबंध पुष्कळ आहेत आणि त्यांनी काहीच साधत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. जाळं पाहायचं नसतं, मोजायचं असतं. कोणत्या बिंदूला किती रेषा आहेत, हे पहिलं माप. त्याहून खोल माप म्हणजे, बाकीच्यांचे सगळ्यात जवळचे रस्ते किती वेळा या बिंदूवरून जातात. आपलं वाशिम रेल्वे स्टेशन घ्या. तिथे भुसावळसारखा गाड्यांचा राबता नाही. पण अकोला ते पूर्णा या मार्गावर ते बसलेलं आहे, आणि तो मार्ग बंद पडला तर पश्चिम विदर्भ आणि मराठवाडा यांना जोडणाऱ्या गाड्यांना फार मोठा वळसा पडेल. थोड्या रेषा, पण मोक्याची जागा. पेशीतही असे बिंदू असतात आणि नुसत्या रेषा मोजल्या तर ते नजरेतून निसटतात. आपल्या गाठींच्या जाळ्यात एनएआरके तसंच आहे. मुळातून वर येणारा निरोप आणि पानातून खाली जाणारा हुकूम दोन्ही त्याच्याच दारातून जातात.

रेषा मोजण्याचंही मोल कमी नाही. २००१ साली हावूंग जोंग, आल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि सहकाऱ्यांनी यीस्टच्या १,८७० प्रथिनांचं जाळं तपासलं. सुमारे ९३ टक्के प्रथिनांना पाच किंवा त्याहून कमी जोड होते. त्यातलं एखादं काढून टाकलं तर पेशी मरते असं फक्त २१ टक्क्यांच्या बाबतीत आढळलं. पंधराहून जास्त जोड असलेली प्रथिनं एक टक्क्याहूनही कमी होती, पण त्यातलं एखादं काढणं ६२ टक्के वेळा जीवघेणं ठरलं. म्हणजे नुसता नकाशा पाहून, पेशीला हातही न लावता, कुठे घाव घातला तर ती कोसळेल याचा अंदाज बांधता येतो. यात एक सावधगिरी हवी. ज्या प्रथिनावर जास्त लोकांनी काम केलं त्याचे जोडही जास्त सापडतात. जाळ्यातला मोठा बिंदू कधीकधी पेशीत मोठा नसतो, नुसता संशोधकांचा आवडता असतो.

महाराष्ट्रात या क्षेत्रात झालेलं एक काम मला फार मोलाचं वाटतं. पुण्यात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या संशोधन विभागात डॉ. शर्मिला मांडे यांच्या गटाने अनेक जाळी एकमेकांशी ताडून पाहणारं ‘कॉम्पनेट’ २०१६ साली आणलं आणि मग ‘नेटशिफ्ट’ ही पद्धत मांडली. ती ‘द आयएसएमई जर्नल’च्या २०१९च्या खंडात आहे. आपल्या आतड्यात शेकडो जातींचे जिवाणू नांदतात. आजारी आणि निरोगी माणसांत काय फरक, हे शोधताना आजवर बहुतेक जण कोणता जिवाणू वाढला, कोणता घटला हे मोजत. या गटाने वेगळा प्रश्न विचारला: कोणाचे शेजारी बदलले? निरोगी माणसांत कोण कोणाबरोबर वाढतं-घटतं याचं एक जाळं काढायचं, आजाऱ्यांचं दुसरं, आणि एकेका जिवाणूची संगत दोन्हीकडे ताडून पाहायची. एखाद्याची संख्या तेवढीच आहे, पण जुने सोबती सुटून नवे जोडले गेलेत आणि जाळ्यातलं त्याचं वजन वाढलंय, तर बदल घडवणारा तो असू शकतो. संख्या मोजून तो कधीच सापडला नसता.

हे वाचल्यापासून मला तुरीचा मर रोग आठवत राहतो. एकाच वावरात एका पट्ट्यातली तूर वाळते आणि धुऱ्यापलीकडची हिरवी राहते. फ्युजेरियम बुरशी तर दोन्ही मातीत सापडू शकते. मग त्या दोन मातींत कोणाची संगत बदलली? हीच मोजणी मातीच्या जिवाणूंवर आणि बुरशींवर करता येते, आणि विदर्भाच्या काळ्या मातीत ती व्हायला हवी.

आतापर्यंतचं जाळं स्थिर होतं, नुसता नकाशा. जीव तर काळात चालतो. लसूणघासाचं उदाहरण पाहा. शेंगावर्गातलंच हे पीक, जनावरांच्या चाऱ्यासाठी आपल्याकडे सर्रास लावतात. १९९६ साली संशोधकांनी लसूणघासाच्या मुळावरच्या केसाला रायझोबियमचा रासायनिक निरोप दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. सुमारे दहा मिनिटांनी पेशीच्या केंद्रकाभोवती कॅल्शियम झपकन वाढलं, ओसरलं, पुन्हा वाढलं. साधारण मिनिटा-दीड मिनिटाला एक ठोका, आणि हे कितीतरी वेळ चालू. जिवाणू अजून आत आलेलाही नाही, आणि पेशीच्या गाभ्यात ठोके पडू लागले!

हे ठोके येतात कसे? इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या जॉन इनिस सेंटरमधल्या संशोधकांनी २०१२ साली त्याची संगणकी प्रतिकृती केली. केंद्रकाच्या पडद्यातली कॅल्शियम सोडणारी दारं, ते परत ओढणारे पंप, विद्युतभाराचा तोल राखणारी वाहिनी, एवढंच मांडलं. प्रत्येकाचा वेग समीकरणात लिहिला: या क्षणी किती आत येतंय, किती बाहेर जातंय, तर पुढच्या क्षणी किती असेल. मग संगणकाला क्षणाक्षणाने पुढे चालायला सांगितलं. पडद्यावर ठोके उमटले. कॅल्शियमला चिकटणारी प्रथिनं त्यात घातल्यावर ठोक्यांचं सुरू होणं, थांबणं, मधूनच वेग बदलणं हेही आपोआप दिसू लागलं. प्रतिकृतीने पुढे एक भाकीत केलं: चिकटणारी प्रथिनं वाढली तर काही काळ ठोके भराभर पडतील. खऱ्या पेशीला जास्त निरोप देऊन पाहिलं, तर ठोके भराभर पडले. समीकरणाला आधी कळलं आणि डोळ्यांना नंतर दिसलं. विज्ञानात याहून मोठा आनंद मला माहीत नाही.

असं काम आज कोपासीसारखी सॉफ्टवेअर करतात. कोपासी २००६ साली जाहीर झालं. पण एक अडचण उरते. जनुकाच्या पेशीत मोजक्याच प्रती असतात, काही रेणू दहा-वीसच असतात. तिथे सरासरीचं गणित लंगडं पडतं आणि योगायोगाला बोलण्याचा हक्क मिळतो. डॅनियल गिलेस्पी यांनी १९७७ साली त्यावर रीत दिली: पुढची घटना कोणती आणि ती केव्हा, हे दर पावलाला संभाव्यतेनुसार चिठ्ठी काढून ठरवायचं. मग एकच सिम्युलेशन हजार वेळा चालवलं तर हजार वेगळ्या कहाण्या मिळतात. हा आकड्यांचा ढीग चाळणं हे या सॉफ्टवेअरचं दुसरं, कमी नावाजलेलं आणि माझ्या मते जास्त कसबाचं काम. समजा हजारातल्या पाचशे पेशी ‘गाठ धर’ म्हणाल्या आणि पाचशे ‘नको’. सरासरी म्हणेल, अर्धी गाठ. अर्धी गाठ कुठल्याच मुळावर नसते. म्हणून सगळ्या कहाण्यांचा फैलाव पाहावा लागतो, त्यांचे गट पाडावे लागतात.

त्याहून चकित करणारी गोष्ट अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेम्स सेथना यांच्या गटाला २००७ साली आढळली. त्यांनी वेगवेगळ्या जीवांच्या सतरा प्रतिकृती घेतल्या आणि प्रत्येकीतले वेगांचे आकडे थोडेथोडे हलवून पाहिले. सतराच्या सतरांमध्ये एकच तऱ्हा निघाली: काही मोजक्या जुळण्या किंचित हलल्या तरी सगळं वागणं बदलतं, आणि बाकी असंख्य तऱ्हांनी आकडे कितीही इकडेतिकडे केले तरी फारसा फरक पडत नाही. म्हणूनच सगळे आकडे अचूक माहीत नसतानाही प्रतिकृती खरं भाकीत करू शकते. कदाचित म्हणूनच एकाच वाणाचं सोयाबीन झडीतही तगतं आणि पावसाच्या खंडातही.

आता वावरातल्या एका नेहमीच्या गोष्टीकडे जाळ्याच्या नजरेने पाहू. सोयाबीन पिवळं दिसलं की युरियाचं पोतं फोडायचा मोह होतो. युरियाचा मातीत नायट्रेट होतो. नायट्रेट वाढला की मूळ एनआयसी१ नावाचा, आरआयसीचाच भाऊबंद असलेला तुकडा बनवतं, आणि तोही एनएआरकेकडेच जातो. फक्त पानातल्या नव्हे, मुळातल्याच. म्हणजे भरपूर गाठींनी जो निरोप जातो, तोच निरोप युरियाच्या पोत्याने जातो: पुरे. झाड नव्या गाठी धरणं आवरतं आणि जो नत्र हवेतून येणार होता त्याचा भार आपल्या खिशावर पडतो. पेरणीच्या वेळी शिफारशीएवढा थोडा नत्र ठीक. पुढे पिवळेपणा दिसला तर आधी मुळं खणून गाठी पाहाव्यात आणि पिवळा मोझॅक किंवा लोहाची कमतरता तर नाही ना, हे तपासून घ्यावं.

सायटोस्केप आणि कोपासी दोन्ही मोफत आहेत आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या साध्या संगणकावर चालतात. वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरुळपीर इथल्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या सरांनी एक दुपार यासाठी काढावी. वर दिलेले पाच बिंदू आणि चार बाण, त्यात एनआयसी१ आणि नायट्रेट हे आणखी दोन बिंदू, एवढं जाळं स्वतः मांडा. कोपासीत त्याला वेग द्या, निरोप पानापर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ द्या, आणि मग तो वेळ वाढवत न्या. उशिरा आलेला ‘पुरे’ गाठींचं काय करतो ते पाहा. शेवटी एनएआरके पुसून टाका आणि पुन्हा चालवा.